येशूच्या काळातलं जेरुसलेम, पण नकाशा १५८४ चा

जेरुसलेम बातम्यांत आलं की व्हॉट्सॲपवर जुने नकाशे फिरायला लागतात. पिवळट कागद, चौकोनी तटबंदी, आत दाटीवाटीची घरं, लॅटिन अक्षरं. खाली कुणीतरी लिहितं, "हे बघा, तेव्हा शहर असं होतं." दुसरा म्हणतो, "यात अमुक घुमट दिसतच नाही, म्हणजे तो तेव्हा नव्हताच." मग रात्रभर धुमश्चक्री. नकाशा कुणी काढला, कधी काढला आणि काढणाऱ्याने ते शहर पाहिलं तरी होतं का, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

अशा फिरणाऱ्या नकाशांत एक हमखास भेटतो. तो काढला क्रिस्तियान फान आद्रिखेम या डच कॅथलिक धर्मगुरूने. त्याचा जन्म १५३३ साली डेल्फ्ट गावात झाला. नेदरलँड्समध्ये प्रोटेस्टंट उठाव झाल्यावर त्याला गाव सोडावं लागलं आणि तो जर्मनीतल्या कोलोन शहरात जाऊन राहिला. तिथून १५८४ साली त्याने जेरुसलेमचा नकाशा आणि सोबत वर्णनाची पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी तो वारला. पवित्र भूमीवरचा त्याचा मोठा ग्रंथ १५९० साली, म्हणजे मृत्यूनंतर आला आणि हा नकाशा त्यातही होता. शीर्षकाचा अर्थ असा: ख्रिस्ताच्या काळी भरभराटीला आलेलं जेरुसलेम आणि त्याची उपनगरं.

आद्रिखेम जेरुसलेमला कधीही गेला नव्हता.

नकाशात दिसतं काय?

पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, कारण वरच्या बाजूला उत्तर नाही, पूर्व आहे. शहराच्या पश्चिमेला आकाशात तरंगत राहून खाली पाहावं तसं हे चित्र आहे. शहर जवळजवळ आयताकृती, रस्ते सरळ, वरच्या अंगाला यहुदी मंदिराचं भव्य आवार. येशूला क्रुसावर चढवलं ती टेकडी खाली, तटाबाहेर. जागोजागी आकडे घातले आहेत, अडीचशेहून जास्त. पुस्तिकेत आकडा शोधायचा आणि त्या जागी काय घडलं ते वाचायचं.

खरी गंमत काळाची आहे. शीर्षक म्हणतं "ख्रिस्ताच्या काळी". पण तटाबाहेर शत्रूंच्या छावण्या पडल्या आहेत, आणि त्या एका शत्रूच्या नाहीत. येशूच्या कितीतरी शतकं आधी चालून आलेले असीरियन आणि खाल्डियन तिथे आहेत, त्याच्यानंतर शहर जाळणारे रोमनही आहेत. दावीद राजा, सॉलोमन, येशू, शेवटचा विध्वंस, असा हजार वर्षांचा पसारा एकाच दुपारी घडत असल्यासारखा मांडला आहे.

तांब्यावर नकाशा कोरतात कसा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण नकाशाचं पुढचं सगळं नशीब या तंत्राशी बांधलेलं आहे.

युरोपात आधी लाकडी ठसे होते. लाकडावर रेषा उंच ठेवायची, बाकीचं खरवडून काढायचं, उंच भागाला शाई लावून कागद दाबायचा. तांब्यात बरोबर उलटं. रेषा खोल कोरायची. पत्रा घासून घासून आरशासारखा गुळगुळीत करतात. त्यावर चित्र उलटं, म्हणजे डावं-उजवं बदलून उतरवतात, कारण छापताना ते सुलट होणार असतं. मग तिरकं टोक असलेली पोलादी कोरणी तळहाताने पुढे रेटत कारागीर रेष काढतो. वळण घ्यायचं असेल तर हात वळवत नाही, वाळूच्या चामडी उशीवर ठेवलेला पत्रा फिरवतो. अडीचशे आकडे आणि शेकडो लॅटिन शब्द, सगळे उलटे, धातूत! खोडरबर नाही.

कोरून झालं की पत्र्याला शाई फासतात आणि वरची पुसून टाकतात. खोबणींत उरते तेवढीच कामाची. वर ओलसर कागद, त्यावर लोकरीचं जाड कापड, आणि हे सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. कागद खोबणीत शिरून शाई उचलतो. म्हणून अशा छापाच्या रेषा बोटाला किंचित उंच लागतात आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट उमटते. प्रत्येक प्रतीसाठी शाई फासणं-पुसणं पहिल्यापासून. रंग भरायचे तर तेही हाताने, छपाईनंतर.

हे तंत्र आपल्याकडे अगदीच परकं नाही. पेशवाईच्या उतरत्या काळात पुण्यात इंग्रज रेसिडेंटाच्या वर्तुळातून ते एका तांबटाच्या हाती आलं, आणि १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली गेली. त्याआधी शेकडो वर्षं आपण दानाचे ताम्रपट कोरत होतोच. पण तिथे पत्रा हाच दस्तऐवज असतो. इथे पत्रा म्हणजे नुसता साचा.

आता मुद्दा असा की हा साचा महाग. तांबं महाग आणि कारागिराचे महिने त्याहून महाग. हजार-दोन हजार प्रती निघाल्या की बारीक रेषा झिजायला लागतात. मग त्याच रेषा पुन्हा खोल करायच्या. एखादी जागा दुरुस्त करायची तर पत्रा मागून ठोकून वर आणायचा, घासायचा आणि पुन्हा कोरायचा. एवढा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा आहे तोच पत्रा वापरत राहणं परवडतं. पत्रे वारशाने जात, विकले जात. दुसऱ्या शहरातला प्रकाशक बऱ्याचदा पत्रा विकत घ्यायचा नाही, तो छापील प्रत समोर ठेवून नवा पत्रा कोरवून घ्यायचा. नक्कल करण्यावर फारसं बंधन नव्हतं. आद्रिखेमचं जेरुसलेम असं अठराव्या शतकापर्यंत वेगवेगळ्या पुस्तकांतून फिरत राहिलं. एकदा तांब्यात गेलेली चूक पिढ्यान् पिढ्या खात्रीशीर दिसते. ठाम, काळ्या, बारीक रेषेचा तो परिणाम असतो. आजही व्हॉट्सॲपवर तोच होतो.

न जाता काढला कसा?

वाचून. त्याच्यापुढे बायबल होतं. जोसेफस होता. हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जेरुसलेमचाच, आणि इ. स. ७० मध्ये रोमनांनी शहर पाडलं तेव्हा रोमन छावणीतून ते पाहणारा. त्याने तटबंदीचं, मंदिराचं, मनोऱ्यांचं तपशिलात वर्णन केलं आहे. शिवाय यात्रेकरूंची प्रवासवर्णनं होती. आद्रिखेमने ही सगळी वाक्यं गोळा केली आणि प्रत्येकाला कागदावर जागा दिली.

अडचण अशी की त्याला हवं होतं ते शहर उरलंच नव्हतं. रोमनांनी ते जमीनदोस्त केलं, मग दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने त्याच जागी नवं रोमन शहर वसवलं. पुढे बायझंटाइन, अरब, धर्मयोद्धे, मामलुक, आणि १५१७ पासून ओस्मानी तुर्क. आज पर्यटक ज्या तटाचे फोटो काढतात तो सुलतान सुलेमानने १५३७ ते १५४१ या काळात बांधवलेला आहे. आद्रिखेम नकाशा काढत होता तेव्हा तो तट पन्नास वर्षांचाही नव्हता. म्हणजे तो स्वतः जेरुसलेमला गेला असता तरी येशूच्या काळातलं शहर त्याला दिसलं नसतं.

त्या काळी मोजणी येत नव्हती म्हणून असं झालं का?

नाही. येत होती. लिओनार्डो दा विंचीने १५०२ साली इटलीतल्या इमोला गावाचा थेट वरून पाहिल्यासारखा, मोजून काढलेला आराखडा केला होता. व्हेनिसचं १५०० सालचं प्रचंड लाकडी ठशाचं चित्र आजही गल्लीगणिक ओळखता येतं. जेरुसलेमच्या बाबतीतही पाहून चित्र काढणारे होते. माइन्झच्या ब्रायडेनबाख नावाच्या धर्माधिकाऱ्याने १४८३ साली यात्रा केली तेव्हा चित्रकार सोबत नेला होता आणि १४८६ साली छापलेल्या पुस्तकात ऑलिव्ह टेकडीवरून दिसणारं शहर दाखवलं. त्यातले घुमट-मनोरे बरेचसे खरे आहेत. तरी त्यातही दोन गोष्टी लक्षात घ्या. येशूच्या कबरीवरच्या चर्चचा दर्शनी भाग प्रत्यक्षात दक्षिणेकडे आहे, पण चित्रात तो वाचकाकडे वळवला आहे. आणि इ. स. ६९१-९२ मध्ये खलिफा अब्दुल मलिकने बांधून घेतलेल्या सोनेरी घुमटाच्या वास्तूला चक्क "सॉलोमनचं मंदिर" असं नाव दिलं आहे.

डोळ्यांनी पाहिलेला माणूसही असं लिहितो, कारण तो जे पाहायला गेलेला असतो तेच पाहतो. जेरुसलेमची काटेकोर मोजणी व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. सगळ्यांत गाजलेली मोजणी १८६४-६५ ची, ब्रिटिश लष्करी अभियंता चार्ल्स विल्सनची. तिच्यासाठी पैसे दिले अँजेला बर्डेट-कूट्स या श्रीमंत बाईंनी, आणि निमित्त होतं शहराला प्यायचं पाणी नीट मिळावं याचं. देवाधर्माने साडेतीनशे वर्षांत जे करवलं नाही ते नळाच्या पाण्याने करवलं, असं म्हणायचा मोह होतो. पण विल्सनच्या मागे बायबलमधल्या जागा शोधायची ओढही होतीच, तेव्हा मोह आवरतो.

मग हा नकाशा खोटा म्हणायचा?

लग्नपत्रिकेच्या मागे कार्यालयाचा नकाशा असतो. त्यात एसटी स्टँड असतो, मारुतीचं देऊळ असतं, पेट्रोल पंप असतो, आणि मधले चार चौक गायब असतात. अंतरं तर मनाचीच. तरी त्याला कुणी खोटा म्हणत नाही, कारण मांडवापर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम.

आद्रिखेमच्या नकाशाचंही काम ठरलेलं होतं. डेल्फ्टच्या किंवा कोलोनच्या भाविकाला जेरुसलेमची यात्रा परवडत नव्हती. महिनोन् महिने प्रवास, वाटेत चाचे, रोगराई, तिथे तुर्कांची सत्ता. त्याने घरात बसून बोटाने नकाशावर वाट धरावी, आकड्यामागून आकडा वाचावा, प्रत्येक जागी थांबून प्रार्थना करावी. म्हणून सगळे काळ एकत्र. म्हणून रस्ते सरळ. बोट अडखळता कामा नये.

हे ख्रिस्ती युरोपपुरतं नाही. काशीचं उदाहरण घ्या. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने १८२२ साली शहराची मोजणी करून नकाशा केला. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर, १८७६ साली, कैलासनाथ सुकुल यांचा "काशीदर्पण" हा यात्रेकरूंचा नकाशा निघाला. त्यात काशीचं क्षेत्र वर्तुळात बसवलं आहे, कारण पंचक्रोशीची यात्रा ही श्रद्धेने वर्तुळच आहे. मोजलेला नकाशा उपलब्ध असतानाही भाविकाला दुसराच हवा होता.

आणि मग नकाशाने शहर बदललं

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत विलक्षण वाटतो तो हा भाग.

येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पिलात याच्या वाड्यापासून क्रुसाच्या टेकडीपर्यंत येशू क्रूस घेऊन चालला, त्या वाटेवरचे टप्पे आद्रिखेमने क्रमाने सांगितले. एका टप्प्यापासून दुसरा किती पावलांवर, हेही दिलं. त्याच्या यादीत बारा टप्पे होते. पुस्तक युरोपातल्या अनेक भाषांत गेलं आणि गावोगावच्या चर्चमध्ये, मठांच्या अंगणांत त्याच क्रमाने थांबे उभे राहिले. पुढे १७३१ साली पोप बाराव्या क्लेमेंटने संख्या चौदा ठरवून टाकली. वसईच्या किंवा गोव्याच्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये भिंतींवर चौदा चित्रं दिसतात. उपवासकाळात "क्रुसाची वाट" करताना भाविक एकेका चित्रापाशी थांबतात. त्या क्रमाच्या घडणीत डेल्फ्टच्या त्या निर्वासित पाद्र्याचा मोठा हात आहे.

मध्ययुगात खुद्द जेरुसलेममध्ये अशी ठरलेली वाट नव्हती. त्या काळचे कित्येक यात्रेकरू तर उलटे चालत, कबरीच्या चर्चपासून सुरुवात करून पिलाताच्या वाड्याकडे. पण युरोपातून येणारे भाविक घरून शिकलेला क्रम घेऊन येऊ लागले. ते विचारणार, सहावा थांबा कुठाय? मग हळूहळू जेरुसलेमच्या गल्ल्यांतही थांबे त्याच क्रमाने ठरत गेले. आज नऊ थांबे रस्त्यांवर आणि पाच त्या चर्चच्या आत आहेत.

वाट तरी बरोबर आहे का? बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की पिलाताने न्यायनिवाडा केला तो शहराच्या पश्चिम टोकाला, हेरोद राजाच्या वाड्यात. तसं असेल तर येशू आजच्या वाटेच्या विरुद्ध दिशेने टेकडीकडे गेला असणार. आजच्या वाटेवरची जी कमान पिलाताच्या नावाने दाखवली जाते तीही दुसऱ्या शतकातली, हेड्रियनच्या शहरातली निघाली आहे. भाविकांची गर्दी याने कमी होत नाही, व्हायचं कारणही नाही.

सगळे जुने नकाशे असेच कल्पनेचे का?

असं म्हणणारा दुसऱ्या टोकाला जातो. जॉर्डनमधल्या मादाबा गावी एका चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला, रंगीत दगडांचे तुकडे बसवून केलेला नकाशा आहे. त्यात जेरुसलेम लंबगोल दाखवलं आहे आणि शहराच्या मधोमध दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी असलेला मोठा रस्ता आहे. १९७० च्या दशकात जुन्या शहराच्या यहुदी भागात उत्खनन झालं तेव्हा जमिनीखाली तो रस्ता खरोखर सापडला, खांबांसकट. करणाऱ्यांनी आपल्या काळातलं शहर दाखवलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. एक हजार वर्षांनंतरचा, देखणा, आकडेवार नकाशा ज्या बाबतीत भरवशाचा नाही, तिथे हे फुटकं मोझेक भरवशाचं आहे.

म्हणजे वादात असा नकाशा दाखवायचाच नाही?

दाखवा, पण कशाचा पुरावा म्हणून, ते ठरवून. आद्रिखेमच्या नकाशात सोनेरी घुमट नाही यावरून तो १५८४ साली नव्हता असं सिद्ध होत नाही. तो तेव्हा जवळजवळ नऊशे वर्षांचा होता. नकाशा पहिल्या शतकाचा म्हणून काढलेला, त्यामुळे सातव्या शतकातली वास्तू त्यात बसत नव्हती. तसंच, मंदिर अमुक जागी अमुक आकाराचं दाखवलं म्हणून ते तसंच होतं असंही नाही. त्याच सुमारास विल्याल्पांदो या स्पॅनिश जेझुइटाने बायबल वाचूनच काढलेलं मंदिर त्याच्या काळच्या स्पॅनिश राजवाड्यासारखं दिसतं. दोघांचा आधार एकच ग्रंथ, चित्रं निराळी.

क्रुसाची टेकडी तटाबाहेर दाखवणं मात्र त्याचं बरोबर होतं. आज कबरीचं चर्च तटाच्या आत आहे, म्हणून कित्येकांना ही जागाच खोटी वाटते. पण येशूनंतर दहा-पंधरा वर्षांतच राजा हेरोद अग्रिप्पाने शहराभोवती नवा तट घालायला घेतला आणि ती जागा आत आली. हे जोसेफस वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आद्रिखेमने तो वाचला होता.

सोळाव्या शतकातला कॅथलिक जेरुसलेमकडे कसा पाहत होता, काय वाचत होता, कशावर थांबत होता, या प्रश्नांना मात्र याच्याइतका चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

जुन्या बाजारात असा कागद मिळाला तर?

मुंबई-पुण्यातही जुन्या छापांचे विक्रेते आहेत आणि नकली प्रतीही भरपूर आहेत. भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची छपाई, विषय संपला. रेष सलग आणि टोकाला निमुळती होत गेलेली असेल तर पुढे बघा. चौकटीभोवती पत्र्याचा दाब आहे का? कागद उजेडाकडे धरल्यावर समांतर रेघा दिसतात का? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद तारांच्या चाळणीवर बनायचा, त्याच्या त्या खुणा. ग्रंथातून निघालेल्या पानाला मधोमध घडी असते आणि बऱ्याचदा पाठीमागे मजकूर असतो. तो लॅटिन, जर्मन की फ्रेंच, यावरून कुठली आवृत्ती ते कळतं. जुना हिरवा रंग तांब्याच्या क्षारांचा असायचा, तो काळाने तपकिरी पडून कागदाच्या पाठीवर उतरतो. पाठ कोरी करकरीत आणि पुढे हिरवागार असेल तर रंग बहुधा नंतर भरलेला आहे.

आणि चाळता चाळता कोलोनच्याच ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या शहर-नकाशांच्या ग्रंथाचं पान हाती लागलं तर नीट बघा. त्याच्या १५७२ च्या पहिल्या खंडात जेरुसलेम आहे, आणि दुसऱ्या एका पानावर दीव आणि आपला गोवाही आहे. गोव्याच्या शीर्षकात शहर ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचं साल १५०९ कोरलेलं आहे. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने गोवा कायमचा घेतला नोव्हेंबर १५१० मध्ये.